एकत्र, किंवा वेगळे

पडद्यावरचा तो निळा ठिपका इतका बारीक होता, की डॉक्टर गुंजनला वाटलं, काचेवरची धूळच असेल... तिनं ओढणीनं पुसून पाहिलं. गेला नाही. ठिपका म्हणजे एक रुग्ण. भंडारा जिल्ह्यातल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांचे संगणकानं जोखमीनुसार गट पाडले होते, आणि ते बरोबर पडलेत का हे सांगायला नागपूरहून आलेल्या मनिषनं तिला बसवलं होतं. नावं नाहीत. दोन रुग्णांची माहिती शेजारी-शेजारी यायची, तिनं फक्त म्हणायचं — एकत्र, किंवा वेगळे. तिचं ऐकून संगणक पुन्हा गट पाडायचा.

डावीकडची मुलगी गेल्या हिवाळ्यात दगावलेली. उजवीकडे... प्लीहा लहानपणीच काढलेली, डावा खुबा झिजलेला, दर थंडीत छातीत दुखून भरती, लाखांदूर तालुका — ही तर दिघोरीची टीना! फ्रॉकात होती तेव्हापासून माझ्याकडे येणारी, सलाईन लावताना माझाच हात थरथरतो म्हणून मलाच हसणारी...

"वेगळे," ती म्हणाली.

पडद्यावरचे ठिपके हलले. मनिष खूश झाला. "बघा मॅडम, तुमच्या एका शब्दानं किती जण सरकले! कारण काय लिहू?"

कारण. ती हसते, हे कारण झालं का? जोखमीच्या गटाला दर महिन्याला तपासायला बोलावणार होते. जे त्यातून बाहेर सरकले त्यांना आता कधीतरी. टीनाला मी फोन करीन, गरज पडली तर गाडी पाठवीन — पण तिच्यामागोमाग सरकलेले, कोंढ्याचे, आणखी कुठकुठचे, ज्यांची तोंडंही मी पाहिली नाहीत... त्यांना कोण बोलावणार?

"चुकलं माझं. एकत्रच ठेव."

"नक्की ना?"

तिनं मान हलवली. ठिपके पुन्हा जागेवर आले.

दुपारी ओपीडीत बेबीबाई लेकीला घेऊन आली. "मॅडम, टीनाचा नर्सिंगले नंबर लागला जी, नागपूरले. पाठवू का? ही तर आतापासूनच बॅग भरून राहिली."

"मले काही होत नाही मॅडम," टीना हसली. "आईच उगाच भेते."

गुंजननं तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. आजवर या पाठीतून फक्त टीना ऐकू यायची — धापा टाकणारी, चिडणारी, बरी होणारी. आज त्या श्वासाला लागून आणखी कुणीतरी श्वास घेत होतं... पडद्यावरची ती डावीकडची, कधी न भेटलेली, आता नसलेली. "मोठा श्वास घे," ती म्हणाली. मग, "अजून एक." फुप्फुसं स्वच्छ होती. तरी कान हटेना.

"मॅडम, पाठवू ना?"

पाठवा — इतकंच तर म्हणायचं होतं.  पण सकाळी हिला त्या गेलेल्या मुलीशी 'एकत्र' ठेवलं, तेव्हाच ते म्हणण्याचा आपला हक्क सुटला, असं तिला वाटत राहिलं, आणि समोरची मुलगी, इतक्या वर्षांची ओळखीची, क्षणाक्षणानं परकी होत गेली.