डोंग्याखालची राख

श्रावणचा पाय काही एका जागी ठरेना. जुना डोंगा घ्यायच्या आधी तपासायले म्हणून त्यानं अचलपूरहून डोंगे दुरुस्त करणाऱ्या कुर्बानचाचाले एसटीनं आणलं, अन् चाचा तर धरणाच्या काठावर निवांत चहा पीत बसला होता.

डोंगा उत्तमरावचा. विकायच्या आधी त्यानं निळा रंग मारला होता. चाचानं तो विटांवर चढवला, खाली चुलीतली कोरडी राख पसरली अन् डोंग्यात बादल्यांनी पाणी भरलं. कुठं फट असली तर थेंब राखेवर पडते अन् डाग दिसते.

"किती वेळ लागंल, चाचा?"

"भाकर खायच्या टायमापर्यंत."

"दर्यापूरचं गिऱ्हाईक येऊन राहिलं म्हणे."

"येऊ दे. तुया डोंग्यात पुढं कोण बसते?"

"सुभद्रा. जाळं थेच टाकते."

"बायकोले पोहता येते?"

सुभद्राले पोहता येत नव्हतं.

उत्तमराव सावलीतून म्हणे, "श्रावण, इसार देऊन टाक. दर्यापूरवाल्याची जीप फाट्यावर आली."

श्रावणनं डोंग्याले आणखी एक फेरा मारला. हात खिशात गेला, अन् त्याच धांदलीत पाय भरल्या बादलीले लागला. अर्ध्या राखेचा चिखल.

"लगनाची घाई आहे काय बे तुले?" चाचा म्हणे. "जाय, दुसरी राख आण."

तो राख घेऊन आला तं जीप उभी. दर्यापूरवाल्यानं वाकून खाली पाह्यलं, "हे तं चांगलंच गळून राहिलं बावा," म्हणे, अन् परत जीपमधी जाऊन बसला. उत्तमराव मांगं धावला, "अहो, ते बादलीचं पाणी आहे," पण ऐकते कोण.

आता घाई करायले कोणी उरलं नव्हतं. चिखल खरडून चाचानं नवी राख पसरली. श्रावण उकिडवा बसला, उठला, पुन्हा बसला. भाकर झाली. चाचाची डुलकी झाली.

मंग मागच्या फळीखाली एक काळा ठिपका दिसला. श्रावणनं बादली पाह्यली, ती लांब होती. आपले पाय पाह्यले, ते कोरडे होते. दुसरा थेंब त्याच्या डोळ्यादेखत पडला.

त्यानं चाचाले हलवलं. चाचानं निळा रंग नखानं खरडला अन् अंगठा दाबला. अंगठा फळीत रुतला.

उत्तमराव खाली पाहत म्हणे, "फळी बदलून देतो."

"द्या," श्रावण म्हणे. "त्या दिवशी राख मी घरूनच आणतो."