दाराचा वरचा कोपरा

कॅझिमिर व्रोना एकतीस वर्षं गाड्यांची दारं वाकवत आला होता. कागदोपत्री त्याच्या कामाला 'दार बसवणे' म्हणत, पण साच्यातून धड न आलेलं दार बसत नाही, ते वाकवावंच लागतं. ओव्हिड क्रीकच्या कारखान्यात 'प्रेअरी' गाडीचं प्रत्येक दार वरच्या मागच्या कोपऱ्यात इंचाचा आठवा भाग बाहेर यायचं. कॅझ खाली, कुलपाच्या बाजूला हिकरीच्या लाकडाचा ठोकळा अडकवायचा, वरच्या चौकटीला खांदा लावायचा आणि एक हिसका द्यायचा. दार जागेवर. डावी दारं कॅझची, उजवी लोरेटा टॅलबर्टची. एका गाडीला चाळीस सेकंद लागत. कुठल्याही आराखड्यात, कुठल्याही पुस्तकात या हिसक्याची नोंद नव्हती.

पण पत्र्याला आपलं मूळ आठवतं. दोन हिवाळे गेले की कोपरा हळूच पुन्हा बाहेर यायचा, रबराची पट्टी सुटायची आणि पाणी आत. कॅझच्या मुलीच्या, रेनाटाच्या प्रेअरीत पायाखाली बर्फाची लादी जमली होती. दोन वर्षं तिने सोसलं आणि मग सरळ जपानी गाडी घेतली. युनियनच्या आवारात परदेशी गाडी लावायची कुणाची छाती नाही, आणि बापाच्या दारातही नाही, म्हणून ती गाडी चर्चपाशी उभी करून चालत यायची.

"बाबा, तिच्या दारातून वारा येत नाही," एवढंच ती म्हणाली होती. कॅझ सूप भुरकत राहिला.

त्यांच्या कंपनीचं, लँगडन मोटर्सचं दिवाळं दर वर्षी निघायचं आणि दर वर्षी कसंबसं टळायचं. दहा वर्षांत तीन मुख्य साहेब झाले. पहिल्याने बोधचिन्ह बदललं, दुसऱ्याने गाडीत ताटाएवढा स्क्रीन बसवला, तिसऱ्याने जाहिरातीत गरुड उडवला. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. दुपारच्या सुट्टीत यूकरचे पत्ते पिसत चार कामगार जेवढी कंपनी सुधारायचे तेवढी वरच्यांना जन्मात सुधारता आली नसती.

"पंधरा रंग काढलेत मेल्यांनी," लोरेटा पान टाकत म्हणायची. "एक दार धड काढा म्हणावं. पंधरा रंगांत भिजण्यापेक्षा एका रंगात कोरडं बसलेलं बरं."

"जा ना मग, सांग जाऊन."

"सांगीन एक दिवस. पत्ता खेळ तू."

पण सांगायचं नाही, हा तिथला अलिखित कायदा होता, आणि त्याला कारण होतं. फार पूर्वी एल्मर शुल्टेस नावाच्या भल्या माणसाने सूचनापेटीत चिठ्ठी टाकली होती, अमुक नळी इकडून तिकडे घेतली तर वेळ वाचेल अशी. वेळ वाचला. एल्मरला कंपनीचं नाव छापलेलं जाकीट मिळालं आणि त्याच्या बाजूच्या चौघांची जागा गेली. निवृत्त होईपर्यंत एल्मर एकटा जेवला. तेव्हापासून वरच्या माणसाने "कसं चाललंय?" विचारलं की "झकास" म्हणायचं, ही रीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या फेब्रुवारीत बातमी आली की नवी प्रेअरी कुठल्या कारखान्यात करायची ते ठरवायला मुख्य कचेरीतून माणसं येणार. ओव्हिड क्रीकला मिळाली तर पाच-सहा वर्षं चिंता नाही. नाही मिळाली तर कुलूप. कॅझला स्वतःची काळजी नव्हती. कारखान्यात तीस वर्षं भरली की पूर्ण निवृत्तिवेतन, आणि त्याची तीस कधीच भरली होती. तो येत होता तो घरी करमत नाही म्हणून. लोरेटाची मात्र सत्तावीस झाली होती. तीन हवी होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि औषधपाणी सगळं तिच्या नोकरीवर. कॅझच्या बायकोच्या आजारपणात हीच लोरेटा चार महिने डबा घेऊन त्याच्या दारात उभी राहिली होती. ते तो विसरला नव्हता.

दाखवण्याच्या बारा गाड्या दोघांनी मिळून बसवल्या. एका गाडीला चाळीस सेकंद नाही, चाळीस मिनिटं घेतली. दाराच्या फटीत नाणं सरकवून वरपासून खालपर्यंत फिरवावं तर कुठे अडकू नये की ढिलं पडू नये. मुकादम ग्लेन पाहून गेला, म्हणाला, "कॅझ, हे दार आहे की दागिना?" कॅझची छाती फुगली. आयुष्यभराची कला त्याने त्या बारा गाड्यांत ओतली, आणि तीच त्याला भोवली.

पाहणीला आलेल्या इंजिनीअर ओस्टरमनबाई इतरांसारख्या नव्हत्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात कामगारांसारखे पोलादी टोकाचे बूट. लेंटचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचा मंगळवार होता. दर वर्षीसारखी कॅझने पोलिश बेकरीतून मुरंबा भरून तळलेल्या गोड पोंचकींची पेटी आणली होती. बाई टेबलाशी आल्या, परवानगी विचारून आलुबुखाराची पोंचकी घेतली आणि तिथेच बाकावर बसल्या. ग्लेन मागे हसरा चेहरा करून उभा.

"मला भाषणं ऐकायची नाहीत," त्या म्हणाल्या. "गाडीत काय सुधारावं, ते तुम्ही सांगा. दारांचं सांगा. साच्यातून अशीच येतात ही?"

"अशीच येतात," कॅझ म्हणाला.

"काही करावं लागत नाही?"

"लावायची आणि सोडायची."

बाईंनी लोरेटाकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

लोरेटाने हातातला कागदी कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावरून कॅझला कळलं की ही आता बोलणार. टेबलाखाली त्याने आपला बूट तिच्या पायावर दाबला, चांगला वजन देऊन. लोरेटाने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"तो म्हणतो तसंच," ती म्हणाली.

निघताना ओस्टरमनबाईंनी कॅझला बाहेर गाड्यांपाशी गाठलं. हातमोजा काढून त्यांनी दाराच्या वरच्या कोपऱ्यावरून तळवा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. "माझे वडील साचे घडवायचे, व्रोनासाहेब. पत्र्यावर कुणाचा हात पडलाय की नाही ते मला कळतं. खरं सांगा. तुमच्याविरुद्ध वापरणार नाही."

एल्मरलाही असंच कुणीतरी गोड बोललं असेल, कॅझच्या मनात आलं.

"थंडी फार आहे, मॅडम. हात बधिर झाला असेल तुमचा."

बाईंनी मोजा चढवला आणि गेल्या. लोरेटा आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग बोलू लागली. पायाचा विषय तिने काढला नाही, आणि ती नंतर आभार मानेल अशी कॅझने मनाची समजूत घातली.

एप्रिलमध्ये भिंतीवर कागद लागला. कारखाना ऑक्टोबरात बंद. दारांचे साचे उत्तम स्थितीत असल्यामुळे ते टेनेसीच्या कारखान्यात हलवण्यात येतील. कॅझने ते वाक्य तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही. शेवटची गाडी लाइनवरून उतरली तेव्हा सगळ्यांनी तिच्या छताखाली नावं लिहिली. लोरेटाच्या अक्षराचं वळण सुंदर होतं, शाळेतल्या बाईसारखं.

पुढच्या जानेवारीत घरचा फोन वाजला. ओस्टरमनबाई होत्या. नमस्कार-चमत्कार झाला नाही.

"टेनेसीत एकही दार बसत नाहीये," त्या म्हणाल्या. "तीन महिने झाले. तुम्ही त्या दारांना काय करत होतात?"

या वेळी कॅझने सांगितलं. ठोकळा, खांदा, हिसका, दोन हिवाळ्यांनी परत फिरणारा कोपरा, साचा कुठे झिजला आहे, प्रेसची बैठक कुठे खचली आहे. एकदा तोंड उघडल्यावर थांबेना. बिजागऱ्या, पट्टी, खिडकीची काच, एकतीस वर्षांचं सगळं. वरातीमागून घोडं. पलीकडे पेन चालल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"हे मला फेब्रुवारीत हवं होतं," बाई म्हणाल्या. "साचे बाद झालेत असं मला लिहिता आलं असतं तर नवे साचे घडवावे लागले असते. ते काम येणारी माणसं तुमच्याकडेच होती. गाडी तिथेच राहिली असती. चांगले साचे काय, ट्रकवर घालून कुठेही नेता येतात. मी तुम्हाला तीनदा विचारलं, व्रोनासाहेब."

मग बाईंनी कामाचं सांगितलं. सहा आठवडे टेनेसीत येऊन तिथल्या पोरांना हिसका शिकवायचा. दोन माणसं हवी होती, तो आणि उजव्या दारांची बाई.

लोरेटा आता तासाभराच्या अंतरावर एका वृद्धाश्रमाच्या भटारखान्यात काम करत होती. शनिवारी कॅझ आपल्या जुन्या प्रेअरीतून तिच्या घरी गेला. सोबत पोंचकी नेल्या, या दिवसांत सगळीकडे मिळतातच. तिने कॉफी दिली. आतल्या खोलीतून नवऱ्याचा खोकला ऐकू येत होता. कॅझने सगळं सांगितलं, बाईंचा शब्द न् शब्द. लपवावंसं फार वाटलं, पण लपवून काय होतं ते आता कळलं होतं.

लोरेटाने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे सहा आठवडे माझ्या वर्षांत धरतील?"

"नाही. कंत्राट आहे."

"मग तू जा. नाहीतर ठोकळा पाठवून दे त्यांना."

"लोरेटा, मी तुझ्यासाठीच..."

"त्या दिवशी मी बोलणार होते, कॅझ."

"माहीत आहे."

"माहीत होतं म्हणूनच पाय दिलास. तुझी तीस झाली होती. माझी तीन उरली होती. माझी, तुझी नाही." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "माझ्या त्या चार महिन्यांच्या डब्याची परतफेड होती तुझा तो पाय म्हणजे. मला कळलं होतं तेव्हाच. म्हणून गप्प बसले. ते चुकलंच माझं."

कॅझ उठला. पोंचकींची पेटी टेबलावर तशीच ठेवून तो दाराकडे वळला.

बाहेर कडाक्याची थंडी होती. गाडीत बसून त्याने दार ओढलं. लागलं नाही. पुन्हा ओढलं. वरचा कोपरा बाहेर आला होता, पट्टी गोठून कडक झाली होती. आतून ओढून ते लागणार नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक. लोरेटा खिडकीतून पाहत होती. थोड्या वेळाने ती बाहेर आली, स्वयंपाकाच्या एप्रनवरच.

"डावं," ती म्हणाली. "हे तुझं दार आहे."

तिने खालच्या बाजूला आपला बूट अडकवला, वरच्या चौकटीला खांदा लावला आणि एकच हिसका दिला. दार बसलं. काचेपलीकडे ती काहीतरी म्हणाली, ते त्याला ऐकू आलं नाही, आणि काच खाली करायची त्याला हिंमत झाली नाही. ती आत निघून गेली. कॅझने गाडी सुरू केली. महामार्गाला लागेपर्यंत कोपरा परत फिरला होता, आणि घरी पोहोचेपर्यंत त्या फटीतून वारा त्याच्या मानेवर येत राहिला.