बोलत्या हातांचा अर्ज

विद्यापीठाच्या मानव्यविद्या केंद्रात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. जाहीर व्याख्यानात वक्ता लांबण लावू लागला की पहिल्या रांगेतून ‘पाच मिनिटं’ लिहिलेला कागद उंच धरायचा, हे तिचं काम. माइक तपासणं, पाहुण्यांची ने-आण, आणि वर्षातून एकदा संशोधन निधीच्या समितीत बसून इतिवृत्त लिहिणं, हीही तिचीच कामं. समितीत तिनं फक्त लिहायचं. बावीस वर्षांत तिथं तिनं तोंड उघडलं नव्हतं.

त्या वर्षी एक अर्ज वाचला जात असताना मात्र ती कान देऊन ऐकू लागली. अर्ज हंगामी नोकरीतल्या एका तरुण प्राध्यापिकेचा होता. शहरातल्या बंद पडलेल्या सूतगिरणीत यंत्रांच्या घरघरीत काही ऐकू येत नसे, म्हणून कामगारांनी हातांच्या खुणांची एक बोलीच तयार केली होती. ती बोलणारी माणसं शोधून त्यांचं चित्रण करायचं, असा बेत होता.

“विषय छान आहे,” संचालक चष्मा काढत म्हणाले, “पण ही बोली येणारं कुणी हयात तरी आहे का? एकही नाव दिलेलं नाही.”

घड्याळबाईचं पेन थांबलं. हयात होते की! तिचे बाबाच होते. एकतीस वर्षं त्या गिरणीत काढलेले, आणि अजूनही रोज सकाळी रस्त्यापलीकडच्या गॅलरीतल्या काकांशी, म्हणजे जुन्या सोबत्याशी, नुसत्या हातांनी तासभर गप्पा मारणारे. खालून गाड्या कितीही जावोत, दोघांचं काही अडत नसे.

पण कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांचा निधीशी संबंध नसावा, असा नियम होता. तो टाइप करून भिंतीवर तिनंच लावला होता. लोक म्हणतील, बाईनं घरच्यांची वर्णी लावली. तिनं मान खाली घातली आणि समितीचा निर्णय लिहिला, ‘पुरेशा माहितीअभावी अर्ज पुढील वर्षी विचारात घ्यावा.’

त्या अर्जदार मुलीला निदान फोन तरी करावा, असं तिला रोज वाटे. मग कुठलं तरी व्याख्यान निघे, पाहुण्यांचं तिकीट निघे, आणि फोन उद्यावर जाई. दीड महिन्यानं काका झोपेतच गेले. बाबा तरीही सकाळी गॅलरीत जाऊन बसत, हात मांडीवर ठेवून. चार महिन्यांनी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली.

पुढच्या वर्षी तो अर्ज पुन्हा आला. या वेळी दोन नावं होती. मुलीनं कामगार संघटनेच्या जुन्या याद्या चाळून ती शोधली होती.

घड्याळबाई उभी राहिली. “साहेब, पहिले गृहस्थ गेले. दुसरे माझे वडील आहेत. नियमामुळे मी गेल्या वर्षी बोलले नाही.”

संचालक तिच्याकडे बघतच राहिले. “अहो बाई, तो नियम अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. माहिती देणाऱ्यांना कुठे लागू होतो?”

तिनं खाली बसून इतिवृत्ताची वही पुढे ओढली. अर्ज मंजूर झाल्याचं तिनंच लिहिलं.

मुलगी कॅमेरा घेऊन घरी आली, तेव्हा घड्याळबाईनं तिला दारातच सगळं सांगून टाकलं. मुलीनं कॅमेऱ्याची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “मला राग आलाय, ताई. पण आज काम करू या.”

बाबा डाव्या हातानं खूण सुरू करत आणि अर्ध्यात अडत. उरलेली अर्धी उजव्या हाताची असे. शेवटी घड्याळबाई त्यांच्या उजवीकडे बसली आणि तिनं आपला हात पुढे केला. बाबा डाव्या हातानं तिची बोटं वाकवत, मनगट वळवत. चुकलं की “अंहं!” करून तिच्या हातावर चापट मारत. जमलं की डोळे मिटून मान हलवत. ‘धागा तुटला.’ ‘मुकादम आला.’ ‘पोरगी आजारी आहे.’ ही शेवटची खूण दाखवताना त्यांनी तिच्याकडे बोट केलं, तेव्हा तिनं ती खूण न सांगता पुन्हा एकदा केली.

दीड महिन्यात सेहेचाळीस खुणा झाल्या. सत्तेचाळिसाव्या दिवशी बाबा गेले.

केंद्रानं फिल्मचा जाहीर कार्यक्रम ठेवला. सभागृह भरलं, टाळ्याही झाल्या. गर्दी ओसरल्यावर मुलगी तिच्याशेजारी येऊन बसली.

“सेहेचाळीस खुणा मिळाल्या, ताई. पण संवाद एकही नाही. उत्तर द्यायला समोर कुणी हवं होतं.”

“हो,” घड्याळबाई म्हणाली. “होतं ना. समोरच्याच गॅलरीत होतं.”

मुलीनं तिच्या हातावर हात ठेवला. शिपाई दिवे मालवायला आला, तरी दोघी तशाच बसून होत्या.