चौसष्ट वाढपी, एकच पान

मांडवात मुंगीला शिरायला वाव नव्हता. निम्मं नार्वे गाव लोटलं होतं, वर डिचोलीहून आलेल्या गाड्या वेगळ्याच. समोरच्या पडद्यावर चौसष्ट हिरवे दिवे एकदम लुकलुकले आणि "जय तंतुनाथ!"चा गजर झाला.

"चौसष्ट योगिनी!" तंतुनाथ महाराज घुमले. "एकेका संगणकात एकेक बसलीय. तुमचा मेंदू एकाच वेळी चौसष्ट जणी बघतात आणि एकच साक्ष देतात. पाचामुखी परमेश्वर म्हणता ना? मोजा आता मुखं!"

सगुणने मोजली नाहीत. तो लेकीच्या उडणाऱ्या डाव्या अंगठ्याकडे बघत होता. रेश्माला फिट येण्याआधी तो अंगठा असाच उडायचा. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षांत एकदाही उडाला नव्हता. पण महाराजांनी तिच्या स्कॅनवरून छापलेल्या चित्रात लाल ठिपका दाखवला, देवचाराने झपाटल्याची खूण म्हणून. गोळ्यांनी योगिनी रुसतात, म्हणाले. आठ दिवसांपूर्वी सगुणने गोळ्यांची डबी माळ्यावर टाकली. देवळात पेटी वाजवणारा, कीर्तनात डोळे पुसणारा माणूस तो. देवाचं नाव घेऊन कोणी बोललं, की त्याची मान आपोआप लवायची.

"मामा, गोळ्या बंद केल्यास?" भाची सुविधा कुजबुजली. ती दुपारीच बंगळूरहून आली होती. शेकडो रोग्यांचे मेंदूचे स्कॅन अनेक संगणकांवर एकाच वेळी तपासायला लावायचे, हीच तिची नोकरी.

"बाय, चौसष्ट जणी सांगतात ते खोटं?"

"कागद दे."

तिने रेश्माचं चित्र घेतलं, शेजारच्या भिकाजींचंही घेतलं. एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरलं. रेघ न् रेघ जुळली.

"भिकाजीकाका, तुमच्या डोक्यातली गाठ काढली ना?"

"काढली तर! लिंबाएवढी होती."

"मग तिथे पोकळी दिसायला हवी. कुठे आहे?"

भिकाजींनी टाळूवरच्या व्रणावर हात ठेवला. त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, देवाची परीक्षा घेतेस?" महाराज कडाडले.

"देवाची नाही, तुमची."

"खाली बस गे!" मागून आवाज उठले. आणि तेवढ्यात रेश्मा कोसळली.

"आली! योगिनी आली! शिवू नका तिला!"

शेकडो हात जोडले गेले. सगुणचेही अर्धे वर आले होते. मग त्याला लेकीचे ओठ निळे पडताना दिसले. तो धावला. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उपरणं सारलं.

"शिवू नको म्हणतो ना!"

"लेक आहे ती माझी," सगुण म्हणाला. या वेळी त्याची मान लवली नाही.

रेश्मा वाचली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी कीर्तनाआधी सगुणने सुविधाला देवळात उभं केलं. महाराजांचा मांडव तोवर उठला होता.

"आपल्या पंगतीत कसं असतं?" ती म्हणाली. "चौसष्ट वाढपी असले, तर प्रत्येकाला त्याचं पान नेमून द्यावं लागतं. नाही दिलं, तर सगळे पहिल्याच पानावर भात ओततात. संगणकांचंही तेच. प्रत्येकाला वेगळ्या रोग्याची फाइल नेमून द्यायची असते. महाराजांच्या माणसाने ती दिली नाही. चौसष्ट यंत्रांनी पहिल्याच रोग्याचा मेंदू चौसष्ट वेळा तपासला. मग साक्ष एकच येणार! ही चूक पहिल्या महिन्यात मीही केलीय. मी ते कागद फाडले. महाराजांच्या लोकांना चूक कळलेली होती, म्हणून प्रत्येक कागदाचा कोपरा कात्रीने कापलाय. फाइलचा क्रमांक तिथेच छापतात."

लोक आपापले कागद उलटसुलट करू लागले. प्रत्येकाचा तोच कोपरा गायब.

"ठिपका तेवढा खरा असेल?" जानकीकाकूंनी चाचरत विचारलं.

"असेल, काकू. पण तो कोणाचा, हे महाराजांनाही ठाऊक नाही. तुमच्या गोळ्या चालू आहेत ना?"

काकूंनी मान खाली घातली.

सगुण पेटीमागून उठला. "बाबांनो, मी आयुष्यभर देवापुढे हात जोडले, पुढेही जोडीन. पण परवा ते चुकीच्या जागी जोडले असते, तर आज लेक नसती. कोणी चमत्कार दाखवला, तर आधी दोन कागद एकावर एक ठेवा आणि उजेडात धरा. आमचा देव उजेडाला भीत नाही. काकू, तुम्ही आधी घरी जा, गोळी घ्या. तोवर कीर्तन थांबेल."

आणि कीर्तन खरोखरच थांबलं.