सुटणारं बक्कल

बॅगा दुरुस्त करण्यात जन्म घालवलेल्या माणसाला सुटणारं बक्कल पाठवणं म्हणजे सुताराला डुगडुगणारी खुर्ची भेट देण्यासारखं होतं. बॅगवाल्याने पाकीट फोडलं, मांजराच्या गळ्यात घालायचा नारिंगी पट्टा हातात घेऊन जरा ओढला, तर बक्कल टक्कन उघडलं. त्याने कपाळाला हात लावला.

"अहो बाबा, ते तसंच असतं," फोनवरून मुलगी म्हणाली. "बाहेर हुंदडणारं मांजर ते. पट्टा कुठे फांदीत-बिंदीत अडकला, तर ओढ बसून आपोआप सुटायला हवा. नाहीतर फास बसेल. दोन बोटं आत जातील एवढाच सैल ठेवा. चमकणारी पट्टीही आहे, अंधारात गाडीवाल्यांना दिसेल."

"जे सुटतं ते बक्कल कसलं?"

"म्हणून तर तीन पाठवलेत. हरवणारच ते. बिल्ल्यावर माझाच नंबर आहे, बदलून तुमचा घालू का?"

"नको नको," तो घाईघाईने म्हणाला. "अनोळखी माणसांशी बोलायचा मला कंटाळा येतो. तुझाच राहू दे."

कंटाळा कसला, आणि काय! खरं कारण वेगळंच होतं. बोका मुलीचा. सगळ्या गल्लीवर गस्त घालतो म्हणून त्याचं नाव तिनेच फौजदार ठेवलेलं. दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हा ती म्हणाली होती, "दुकान बंद करा आणि चला माझ्याकडे." त्यावर हा म्हणाला, "जायचं तर जा. मागे वळून बघू नकोस." ती गेली, आणि पोरगी त्याचीच, तिनेही वळून बघितलं नाही. बापाने आधी फोन करायचा नाही, हा त्याचा हेका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

पण फौजदार बापाकडेच राहिला होता, आणि त्याच्या गळ्यातल्या जुन्या पट्ट्यावर तिचा नंबर. तो कुणाच्या तरी गच्चीवर, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. ती माणसं बिल्ला वाचून मुलीला फोन लावायची आणि मुलगी बापाला. "बेकरीच्या मागे बसलाय, घेऊन या." मग जरा थांबून, "जेवलात का?" मग गुडघ्याचं दुखणं, मग तिच्या साहेबाचा विक्षिप्तपणा. बॅगवाला हातातली चेन तशीच अर्धवट टाकून बोलत बसायचा. गिऱ्हाइकं ताटकळायची. ताटकळू देत.

नवा पट्टा आला आणि हे सगळं थांबलं. पहिला पट्टा कुंपणात कुठेतरी गळून पडला. फौजदार मात्र धडधाकट घरी आला. दुसराही गेला. पट्टा नाही म्हणजे बिल्ला नाही, बिल्ला नाही म्हणजे कुणाचा फोन नाही. पट्टा आपलं काम चोख करत होता, आणि बॅगवाला त्याच्यावर दात खात होता.

तिसरा पट्टा त्याने दुकानात नेला. दोऱ्याला मेण लावलं, आरीने भोकं पाडली आणि बक्कलाच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट शिवून टाकल्या. मग बुटाखाली एक टोक दाबून दोन्ही हातांनी ओढून बघितलं. ढिम्म हलेना. पट्टा सैल करून त्याने तो फौजदाराच्या डोक्यावरून घातला आणि पुन्हा आवळला. आपल्या शिवणीचा त्याला अभिमान वाटला, हे सांगितलंच पाहिजे.

आणि फोन आला! फौजदार शाळेच्या व्हरांड्यात सापडला होता. "बघा, या वेळी टिकला पट्टा," मुलगी म्हणाली.

"हो. टिकला खरा," बॅगवाला म्हणाला. त्या दिवशी तो शीळ घालत बॅगा शिवत होता.

पुढचा फोन सकाळी आला. तिचा आवाज ऐकूनच तो उठून उभा राहिला. पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाईंच्या बागेला टोकदार सळयांचं कुंपण होतं. उडी मारताना पट्टा सळईत अडकला आणि फौजदार तिथेच लटकला. नर्सबाई धावल्या, पण उशीर झाला होता.

"बक्कल उघडेचना हो," त्या बॅगवाल्याला म्हणाल्या. "शेवटी कात्रीने कापला." कापलेला पट्टा त्यांनी त्याच्या हातात दिला. बक्कल अजून तसंच बंद होतं.

मुलगी रडली, मग चिडली. "सुटणारं बक्कल म्हणून विकतात आणि असं करतात? सोडणार नाही मी त्यांना." आता तिचा रोज संध्याकाळी फोन यायला लागला. कंपनीने काय उत्तर दिलं, तिने काय सुनावलं. आणि बोलता बोलता, "जेवलात का? एकटं वाटतं का हो?" एवढं तर ती इथे राहत असतानाही बोलली नव्हती. बॅगवाल्याला ते हवंहवंसं वाटे, आणि फोन ठेवला की स्वतःची शिसारी येई. मांजर मारून मुलगी मिळवली होती त्याने.

मग ती म्हणाली, "बाबा, कंपनीवाले बक्कलाचा जवळून फोटो मागतायत. पाठवता?"

चोराच्या मनात चांदणं. त्याने आरी उचलली. टाके उसवायला किती वेळ लागणार? एकेक टाका निघाला. शेवटचा निघाल्यावर त्याने बक्कल हलकेच ओढलं. ते टक्कन उघडलं. पहिल्या दिवसासारखंच.

संध्याकाळी फोन आला तेव्हा तो तसाच बसला होता.

"पट्ट्यात खोट नव्हती," तो म्हणाला. "मी शिवला होता तो."

"शिवला? का?"

"पट्टा पडला की तुला कुणाचा फोन येत नव्हता. आणि तुझा मला."



"माझा नंबर त्याच्या गळ्यात होता, बाबा," ती म्हणाली. "रोज तुमच्या मांडीवर येऊन बसायचा तो. तुम्ही एकदाही लावला नाहीत."

तिने फोन ठेवला. बॅगवाल्याने बिल्ला उजेडात धरला आणि एकेक आकडा वाचत, आयुष्यात पहिल्यांदाच, तो नंबर दाबला. रिंग बराच वेळ वाजत राहिली. मग थांबली.