पट्टीवर आलेला शब्द

सलूनमधला टीव्ही मुका होता. बिघडलेला नव्हता, एकीकडे ड्रायरची घरघर, दुसरीकडे रेडिओ, त्यात गिऱ्हाइकांच्या गप्पा, म्हणून मालकाने त्याचा आवाज कधीचाच बंद करून टाकला होता. पडद्याखालच्या पट्टीवर बोलणं लिहून येई, तेवढ्यावर सगळ्यांचं भागे. नाही तरी बातम्या कुणाला हव्या होत्या? गल्लीला हवा होता तो मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांच्या तोंडचा शब्द.

व्याजदर वाढतो की घटतो, याच्याशी या मंडळींना काडीचं घेणं नव्हतं. गव्हर्नर पत्रकार परिषदेला बसले की अमुक शब्द बोलतील की नाही, यावर पैज लागे. ‘महागाई’ तर ते बोलणारच, म्हणून त्यावर कुणी पैज घेत नसे. सुरुवात चहावर झाली होती. मग छत्र्या, घड्याळं, सायकली हात बदलू लागल्या. पट्टीवर शब्द आला तर आला, नाही तर नाही, हा गल्लीचा कायदा. आम्ही आपले हसतखेळत करतो, असं सगळे म्हणत, आणि कुणी याला जुगार म्हटलं की त्यांना राग येई.

ही पट्टी लिहिणारी सलूनवाल्याचीच मुलगी. वृत्तवाहिनीच्या कचेरीत कानाला हेडफोन लावून ती ऐकलेलं जसंच्या तसं टाइप करी. वय सव्वीस, तरी घरात अजून छकुलीच. हे नाव काकूने ठेवलेलं. काका गेल्यावर काकू सलूनमागच्या खोलीत राहिली, गल्लीचे कपडे शिवू लागली आणि थोरल्या दिरांच्या ओंजळीने पाणी न पिता मानाने राहिली. सगळं त्या एका शिलाई मशीनच्या जिवावर.

त्या सकाळी छकुली डबा भरत होती. बाबा उगाच भांडी इकडची तिकडे करत घुटमळले आणि मग बोलले. दुकानातल्या दोन खुर्च्यांपैकी एक त्यांनी ‘संयम’ या शब्दावर लावली होती. कुणाशी, हे सांगताना मात्र त्यांनी पातेल्यात बघितलं. पैज काकूशी होती. काकूने मशीन लावलं होतं. मागे एकदा कुकर जिंकला, एकदा पंखा जिंकला, आणि तिची भीड चेपली होती. गेलं वर्षभर गव्हर्नरांनी हा शब्द उच्चारलाच नव्हता, तेव्हा आताच कुठून बोलणार, असा तिचा हिशेब.

“एक शब्द पट्टीवर आला तर कुणाचं काय बिघडतं?” बाबा म्हणाले. “बापासाठी एवढं करशील ना?”

“बोलले तर लिहीन, बाबा. नाही बोलले तर नाही.”

बाबा हसले. मुलीचं नाही म्हणणं त्यांनी कधी मनावर घेतलंच नव्हतं.

काकू पडद्याआड होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. छकुली निघाली तेव्हा तिच्या बाहीचा लोंबणारा दोरा दाताने तोडत काकू म्हणाली, “पट्टी लिहिणारी तू आहेस, म्हणून मी निर्धास्त आहे.” छकुलीने दोघांना परोपरीने विनवलं, पैज मोडा म्हणाली. पण चार माणसांत लावलेली पैज मागे घेणं म्हणजे नाक कापून घेणं, यावर त्या घरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

दुपारी गव्हर्नरांनी लिहून आणलेलं निवेदन वाचलं. संयम नव्हता. प्रश्न झाले, उत्तरं झाली, तरी नव्हता. छकुलीच्या मनावरचं ओझं उतरत चाललं. दोनपैकी एक खुर्ची गेली तर बाबा उपाशी मरणार नव्हते. शेवटच्या प्रश्नाला गव्हर्नरांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, “लोकांना मी काय सांगू? या घडीला संयम हाच उपाय आहे.”

तिची बोटं थांबली. हा शब्द गाळला असता तर कुणाच्या लक्षात आलं असतं? वाक्यं तर रोजच सुटत. मागच्या खोलीतलं मशीन तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण सकाळी बापाला जे सांगितलं, ते काकूसाठी बदलायचं कसं? तिने शब्द लिहिला आणि तिला रडू फुटलं.

ती घरी पोचली तेव्हा मशीन सलूनच्या कोपऱ्यात येऊन पडलं होतं आणि बाबा मुलीचं कौतुक सांगत होते. बापाला विसरली नाही हो पोर, असं ज्याला त्याला सांगून झालं होतं. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने तर लगेच पुढच्या परिषदेसाठी आपलाही एक शब्द तिच्या कानावर घातला.

ती तशीच मागे गेली. काकू मोकळ्या झालेल्या जागेकडे तोंड करून बसली होती.

“मशीन गेलं त्याचं काही नाही,” काकू म्हणाली. “तू खोटं लिहिलंस.”

छकुलीने तिचा हात धरला आणि तिला ओढतच दुकानात आणलं. ड्रायर बंद केला, रेडिओ बंद केला, आणि टीव्हीचा आवाज मोठा करून परिषदेचं पुनःप्रसारण लावलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या जिभेवर गल्लीने घरातल्या वस्तू पणाला लावल्या, त्याचा आवाज त्या दुकानात आज पहिल्यांदा ऐकू आला. शेवटी ते वाक्यही आलं, स्वच्छ, पट्टीवर होतं तसंच.

काकू हळूच खाली बसली. पोरीवरचा संशय फिटला, पण त्याच्याबरोबर मशीन परत मागायचा हक्कही गेला. इस्त्रीवाला म्हणाला, “झालं तर मग. सरळ पैज होती. मिटलं.”

बाबा मात्र टीव्हीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

“म्हणजे तू माझ्यासाठी नाही लिहिलंस?”

छकुलीला त्या क्षणी आपल्या बापाची कीव आली आणि लाजही वाटली. मुलगी खरं वागली, याचंच त्यांना दुःख झालं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “उद्या सकाळी काकू कशावर शिवणार?”

ती कोपऱ्यात गेली, लोखंडी मशीनला दोन्ही हात घातले आणि ते मागच्या दाराकडे ओढू लागली. “अगं, हरलेली वस्तू ती,” काकू पुटपुटली, पण छकुली थांबली नाही. पुढच्या खेपेला ती गव्हर्नरांचा शब्द लिहील, पण या दुकानातली एकही वस्तू त्या शब्दावर जाऊ देणार नाही, हे तिने तिथेच ठरवलं. मशीन जड होतं, फरशीवर करकरत होतं. बाकावर बसलेल्या माणसांनी तिला वाट मिळावी म्हणून पाय वर घेतले. हात कुणी लावला नाही.