दाराजवळचा कॅन

डायलिसिसच्या द्रावणाचे पांढरे कॅन रिकामे झाले की सेंटरची माणसं ते जिन्याखाली रचून ठेवत. आमचे हे दर खेपेला दोन मागून आणायचे. ओळखीचा ऑटोवाला हसायचा, "अंकल, दूध की डेरी खोल रहे हो क्या?"

यशवंत हे यांचं नाव. पिपलानीच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते, निवृत्तीनंतर आम्ही साकेत नगरला मुलाकडे राहायला आलो. हॉस्पिटल जवळ होतं. कॅनचं तोंड आरीच्या पात्याने कापायचं, गरम खिळ्याने बुडाला भोकं पाडायची, आंबूस वास जाईपर्यंत धूत राहायचं, हे सगळं ते एकटेच करत. मग माती, शेणखत, आणि टमाटर, पालक, मेथी. बाल्कनीत असे अकरा कॅन झाले.

यातलं त्यांना फारसं काही खायचं नव्हतं. हॉस्पिटलने दिलेला कागद मी अक्षर अक्षर लावून वाचला होता. टमाटर नाही, पालक नाही, फळं नाहीत. पाणी दिवसाला दोन पेले. जास्त झालं तर छातीत साचतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पेले मीच भरून द्यायची.

"पालकाला कधी विचारत नाहीस, आज किती प्यायलास म्हणून," ते म्हणायचे.

"पालकाच्या किडन्या शाबूत आहेत," मी म्हणायची.

झाडांना पाणी ते स्वतः घालत. सकाळी झारी भरून बाल्कनीत जायचे आणि दार ओढून घ्यायचे. मार्चमध्ये माझ्या लक्षात आलं की दाराजवळच्या कॅनमधली माती रोज कोरडी असते. बाकी सगळे ओले. एका सकाळी दाराशी थांबले तर आवाज आला. घटाघट नव्हे. एक घोट, मग थांबणं, मग पुन्हा एक घोट. माणूस चोरून पितो तसा.

मी दार उघडलं नाही. चाळीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते पाणीच, आणि तेही मी मोजून देत होते.

एप्रिलच्या शेवटी ते गेले. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. आदल्या संध्याकाळी सोनालीने, माझ्या सुनेने, त्यांना वाटीभर टरबूज दिलं होतं. चार फोडी. माझा मुलगा समीर ती वाटी विसरला नाही. तेराव्याला नातेवाइकांसमोर म्हणाला, "बाबा गेले नाहीत, घालवले." सोनाली गप्प राहिली. मीही गप्प राहिले. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा.

झाडांना पाणी आता मी घालू लागले. संध्याकाळी अकराही कॅन नीट भिजवायची. सकाळी दहा ओले असत. दाराजवळच्या कॅनमधली माती भेगाळलेली.

सोनालीने त्याचं बूड तपासलं, खाली ताटली ठेवली. ताटलीही कोरडी.

"आई, ऊन लागत असेल."

"या कोपऱ्यात ऊन येतं कुठे?"

दोन झाऱ्या ओतल्या, तीन ओतल्या. काही फरक नाही. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी दाराशी आले आणि पाऊल तिथेच अडलं. एक घोट. थांबणं. पुन्हा एक घोट.

दार ढकललं. बाल्कनीत कोणी नव्हतं. आवाज मात्र चालूच होता, माझ्या पायापाशी, मातीच्या आतून.

"अहो, पुरे आता," मी म्हणाले.

आवाज थांबला. हे शब्द मी मार्चमध्ये म्हणायला हवे होते.

त्याच दिवशी सोनालीने बॅग भरली. उज्जैनला माहेरी जात होती, तिथे शाळेत नोकरी बघणार होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू. तुमची बीपीची गोळी डाव्या डब्यात आहे."

समीर सोफ्यावर मोबाईल बघत होता. मान वर न करता म्हणाला, "ऑटो सांगू का?"

"समीर, मोबाईल ठेव," मी म्हणाले. "बाबा टरबुजाने नाही गेले."

"आई, तो विषय नको."

"ते झारीतून पाणी प्यायचे. रोज, महिना-दीड महिना. मला माहीत होतं."

त्याने मोबाईल ठेवला. "आणि तू थांबवलं नाहीस?"

"नाही."

"डॉक्टरांनी मला विचारलं होतं, पाणी जास्त होतंय का. मी ठामपणे नाही म्हणालो. म्हटलं, आई मोजून देते."

सोनाली बॅगचा पट्टा धरून दारात उभी होती. तिचा आवाज चढला नाही. "आई, सात महिने तुम्ही माझ्या हातचं जेवताय," ती म्हणाली. "एका तरी जेवणाला सांगायचं होतं."

समीर उठला. तिच्या हातातली बॅग घ्यायला गेला. ती सोडेना. दोघं एकाच पट्ट्याला धरून बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि माझ्याकडे दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही.